चौथ्या शतकातली रोमन चिल्लर: पहिल्यांदा नोंद करणाऱ्यांसाठी

वस्तुसंग्रहालयात नाण्यांच्या दालनात माणसं सोन्यासमोर थांबतात, चांदीसमोर जरा कमी. खालच्या ओळीतल्या काळपट-हिरव्या, कोटाच्या बटणाएवढ्या चकत्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पाटीवर लिहिलेलं असतं, ‘रोमन, तांब्याचा मिश्रधातू, इ.स. चौथं शतक’. पण मागच्या खोलीतल्या खणांमध्ये हीच चकत्यांची जात शेकड्यांनी पडून असते, आणि नवा स्वयंसेवक आला की पहिला ट्रे त्याच्यापुढे याच मालाचा येतो.

मी इंग्लंडमधल्या एका छोट्या वस्तुसंग्रहालयात शनिवारी नाण्यांच्या नोंदी करायला जाते. या देशात शेताशेतात ही चिल्लर सापडते. डेव्हनमधल्या सीटन डाउन इथे २०१३ साली एकाच खड्ड्यात २२,८८८ नाणी निघाली, जवळपास सगळी याच शतकातली. आता ती एक्झिटरच्या रॉयल अल्बर्ट मेमोरियल संग्रहालयात आहेत. इतक्या मालात एकेक नाणं ‘वाचायचं’ कसं, हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. चुकत शिकले. तुम्ही निदान वेगळ्या चुका करा.

संपूर्ण लेखात एकच नाणं सोबत घेऊ. व्यास १७ मिलिमीटर, वजन २.४ ग्रॅम, रंग शेवाळी तपकिरी, एका बाजूला झिजलेला चेहरा, दुसऱ्या बाजूला दोन माणसं उभी.

हात लावण्याआधी

टेबलावर फोमचा तुकडा किंवा मऊ कापड पसरा आणि नाणं त्याच्यावर वीतभरापेक्षा उंच नेऊ नका. सतराशे वर्षं मातीत राहिलेला धातू आतून ठिसूळ झालेला असतो, फरशीवर पडला तर कडेचा टवका उडतो. नायट्राइलचे हातमोजे घाला. धरायचं ते कडेला, दोन बोटांच्या चिमटीत. चेहऱ्यावर अंगठा टेकवायचा नाही.

आता मराठी घरात वाढलेल्यांसाठी खास सूचना: घासू नका. तांब्याचा गडू काळा पडला की चिंच-मीठ, राख, पितांबरी, हे आपल्या हातात इतकं मुरलेलं असतं की तो हात आवरावाच लागतो. आईला व्हिडिओ कॉलवर असंच एक नाणं दाखवलं होतं. पहिलं वाक्य, “अगं, चिंचेनं लख्ख निघेल.” निघेलच. अक्षरंही निघतील. नाण्यावर जो हिरवा-तपकिरी थर दिसतो, त्यातच आता चेहरा आणि अक्षरं शिल्लक असतात. मूळ धातूचा वरचा भाग केव्हाच त्या थरात बदलून गेलेला असतो. थर खरवडला की खाली मिळते ती खड्डे पडलेली तांबडी चकती.

एका हिरव्या रंगाला मात्र घाबरा. फिकट, पिठासारखी, बोटाला लागेल अशी पूड दिसली तर तो नाण्याचा रोग समजा. धातूत शिरलेली क्लोराइडं दमट हवेत जागी होतात आणि नाणं आतून खात सुटतात. असं नाणं बाजूला काढा, कोरड्या डबीत सिलिका जेलसोबत ठेवा आणि संवर्धकाला दाखवा. पूड स्वतः झटकत बसू नका. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत तर हे आधी बघायचं. मऊ पीव्हीसीची पाकिटंही टाळा. कालांतराने त्यातून सुटणारं आम्ल तांब्याला पोखरतं.

जाता जाता, पाटीवर सरळ ‘ब्राँझ’ का लिहीत नाहीत? घरातलं उदाहरण घ्या. तळपायाला तूप चोळायची काशाची वाटी म्हणजे तांबं आणि कथील. पितळेचा डबा म्हणजे तांबं आणि जस्त. या नाण्यांत तांब्याबरोबर कथील असतं, शिसंही असतं, आणि शतकाच्या सुरुवातीच्या नाण्यांत थोडी चांदी. कशाचं किती, हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. म्हणून नोंद करणारा ‘तांब्याचा मिश्रधातू’ लिहितो आणि मोकळा होतो.

चिठ्ठी आणि तराजू

नाण्यासोबत जे काही आलं असेल, म्हणजे जुनं पाकीट, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी, पुठ्ठ्याचा तुकडा, ते नाण्याइतकंच जपायचं. नोंद क्रमांक बहुधा त्या चिठ्ठीवरच असतो. एका वेळी एकच नाणं बाहेर काढा. सुरुवातीच्या दिवसांत मी शहाणपणा करून चार नाणी एकदम मांडली, चहाला गेले, आणि परत आल्यावर कुठली चिठ्ठी कुणाची ते सांगता येईना. त्यातली दोन तर जुळ्या भावांसारखी. शेवटी जुन्या नोंदवहीतल्या वजनांवरून सोडवलं. वजन दोन दशांशांपर्यंत लिहावं ते यासाठी.

व्यास सर्वांत रुंद जागी मोजायचा. ही नाणी गोल असतात असं म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

तिसरं माप नवशिक्याला गोंधळात टाकतं, ठशांची दिशा, म्हणजे पुढच्या चित्राच्या तुलनेत मागचं चित्र किती फिरलेलं आहे ते, घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत. चेहरा सरळ दिसेल असं नाणं धरा, वरच्या आणि खालच्या टोकाला बोटं ठेवा आणि दाराचं पान फिरवावं तसं उलटवा. मागचं चित्र सरळ दिसलं तर १२ वाजले, उलटं दिसलं तर ६. खिशातल्या रुपयावर करून बघा, १२ येतील. आपलं नाणं ६ दाखवतं. या काळात १२ किंवा ६ च्या आसपासचीच दिशा बहुतेकदा मिळते.

आणि उजेड. छताच्या दिव्याखाली काही दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च टेबलाला जवळजवळ आडवा धरा आणि हळूहळू नाण्याभोवती फिरवा. कुठल्याशा कोनात मघापर्यंत सपाट वाटणाऱ्या जागी अचानक एक ‘ओ’ उभा राहतो. सावलीत अक्षरं वाचायची ही सवय शिवराई हाताळलेल्यांना आधीपासून असते. अर्धं ‘श्री’ आणि पाऊण ‘राजा’ यांवरून जे ओळखू शकतात, त्यांना हे जमेल.

चेहरा राहू द्या, नाणं उलटं करा

सगळेजण सम्राटाच्या चेहऱ्यापासून सुरुवात करतात. मीही करायचे. पण चौथ्या शतकात व्यक्तिचित्र म्हणावं असं फारसं उरलेलं नव्हतं. ठसा कोरणाऱ्याने नाक-डोळे एका साच्यातले काढलेले असतात आणि नाव कुणाचं ते अक्षरांनी सांगायचं, अशी रीत. तीच अक्षरं झिजलेली असतात. मागचं चित्र मात्र अर्धंमुर्धं उरलं तरी काळ सांगून जातं, कारण टांकसाळी काही वर्षं एक चित्र पाडायच्या आणि मग हुकूम आला की सगळीकडे दुसरं.

आपल्या नाण्यावर दोन शिपाई समोरासमोर उभे आहेत, भाला आणि ढाल घेऊन. त्यांच्यामध्ये काय आहे ते मोजा. काठीवर चढवलेली लष्करी निशाणं, आपल्या जरीपटक्याच्या जातीची. दोन असली तर नाणं इ.स. ३३० ते ३३५ मधलं. एकच असलं तर ३३५ ते ३४१ मधलं, आणि तेव्हा वजनही उतरून दीड-पावणेदोन ग्रॅमवर आलेलं असतं. आपल्याकडे दोन दिसतात, वजन २.४ ग्रॅम. दोन्ही साक्षी जुळल्या. कडेने ‘ग्लोरिया एक्सर्सिटस’, म्हणजे सैन्याची कीर्ती, असा लेख असायला हवा. त्यातली पहिली चार अक्षरं टॉर्चने सापडतात.

डोक्यात ठेवण्यासारखी आणखी काही चित्रं अशी. लांडगीण आणि तिला पिणारी दोन बाळं: ३३० पासूनची, पुढच्या बाजूला शिरस्त्राण घातलेली रोम नगरी. गलबताच्या नाळेवर उभी पंखवाली विजयदेवता: तिची जोडीदार, ११ मे ३३० रोजी समारंभपूर्वक राजधानी झालेल्या कॉन्स्टँटिनोपलसाठी. विटांचा छावणीचा दरवाजा, वर बुरूज: बहुधा ३२० च्या दशकाचा उत्तरार्ध. घोड्यासकट कोसळणाऱ्या शत्रूला भाल्याने भोसकणारा सैनिक: ३४८ नंतर, आणि भोवती लेख की सुखाचे दिवस परत आले. (घोषणा ओळखीची वाटली तर माझा इलाज नाही.) हातात हार घेऊन डावीकडे निघालेली विजयदेवता: ३६४ ते ३७८. तीच देवता कैद्याला फरफटत नेताना: ३८८ च्या पुढे, आणि नाणं नखाएवढं.

एवढ्या सात-आठ चित्रांवर ट्रेमधला बराच माल काळाच्या चौकटीत बसतो.

पायाखालची ओळ

शिपायांच्या पायाखाली एक आडवी रेघ असते आणि तिच्याखाली तीन-चार-पाच बारीक अक्षरं. ही टांकसाळीची खूण. माल कुठल्या कारखान्याचा आणि त्यातल्या कुठल्या विभागाचा, ते तपासता यावं म्हणून कोरलेली. नोंद करणाऱ्याला नाण्यावरची ही सर्वांत प्रामाणिक जागा वाटते, कारण इथे सम्राटाची स्तुती नाही, नुसता हिशेब आहे.

आपल्या नाण्यावर वाचता येतं: टी, आर, पी. आपल्याकडे टीआरपी म्हटलं की संध्याकाळच्या मालिका आठवतात, इथे अर्थ आहे ट्रिअर, हल्लीच्या जर्मनीतलं मोझेल नदीकाठचं शहर, आणि ‘पी’ म्हणजे ‘प्रीमा’, पहिला विभाग. दुसऱ्या विभागाचं असतं तर शेवटी ‘एस’ आला असता.

बाकीच्या खुणा यादी पाठ करून येत नाहीत, हाताखालून जाऊन येतात. ‘एस एम’ दिसलं तर ते ‘साक्रा मोनेता’, पवित्र म्हणजे सम्राटाची टांकसाळ, आणि पुढची अक्षरं शहराची: ‘ए एन’ अँटिओक, ‘ए एल’ अलेक्झांड्रिया, ‘के’ किझिकस, ‘एन’ निकोमीडिया. ‘एस आय एस’ म्हणजे सिस्किया, आजच्या क्रोएशियात. ‘ए क्यू’ अक्विलेया. नुसता ‘आर’ आणि विभागाचं अक्षर, तर रोम.

एका सापळ्यात मात्र सगळे पाय घालतात. ‘सी ओ एन एस’ दिसलं की कॉन्स्टँटिनोपल लिहून टाकायचा मोह होतो. थांबा, पुढे ‘टी’ आहे का बघा. फ्रान्सच्या दक्षिणेतल्या आर्ल शहराला याच काळात कॉन्स्टँटिना असं नाव दिलेलं होतं आणि तिथली नाणी ‘कॉन्स्ट’ अशी खूण घेऊन यायची. ‘टी’ झिजला असेल तर विभागाचं अक्षर बघा. आर्लमध्ये ते आधी यायचं, लॅटिन ‘पी’ किंवा ‘एस’. कॉन्स्टँटिनोपलला ते शेवटी यायचं आणि ग्रीक असायचं, आल्फा, बीटा, गॅमा. एका अक्षराच्या जागेवरून नाणं भूमध्य समुद्राच्या या टोकाहून त्या टोकाला जातं.

आणि चित्र आधी वाचण्याचा फायदाही इथेच कळतो. इंग्लंडमधल्या संग्रहात प्रत्येकाला लंडनचं नाणं हवं असतं. ‘पी एल’ अशी सुरुवात दिसली की डोळ्यांना पुढे लंडनच दिसतं. पण लंडनची टांकसाळ ३२५ साली बंद झाली. दोन शिपाई आणि दोन निशाणं ३३० च्या आधी नाहीतच. मग ते ‘पी एल जी’ आहे, लियाँचं. वाद तिथेच संपतो, अक्षर पुरतं न वाचता.

आता चेहरा

डोक्यावर काय आहे? पानांची माळ, मण्यांचा पट्टा की शिरस्त्राण? या काळात सम्राट मण्यांचा किंवा फुलांचा पट्टा बांधतो. त्याचे युवराज, ‘सीझर’ पदवीचे, बहुतेकदा पानांच्या माळेवर भागवतात. आपल्या नाण्यावर मागे गाठ मारलेली माळ आहे आणि खांद्यावर चिलखत. म्हणजे युवराज असावा.

नावाशी आलं की मात्र घराण्याने छळलंय. आजोबा कॉन्स्टँटियस, वडील कॉन्स्टँटाइन, मुलं कॉन्स्टँटाइन, कॉन्स्टँटियस आणि कॉन्स्टन्स. सातारा-कोल्हापूरच्या गाद्यांवरचे शिवाजी, शाहू, संभाजी पाठ करून मोठ्या झालेल्या माणसाने खरं तर तक्रार करू नये. आजोबांचं नाव नातवाला, ही रीत आपल्याला नवी नाही. पण तिथे निदान बखर असते, इथे एक ‘एन’ उरलेला असतो किंवा नसतो. ‘टी आय’ पर्यंत दोन्ही नावं सारखीच लिहिली जातात. त्यापुढे ‘एन यू एस’ असेल तर कॉन्स्टँटाइन, सरळ ‘यू एस’ असेल तर कॉन्स्टँटियस. ‘यू’ नाण्यावर ‘व्ही’ सारखा कोरतात, हे ध्यानात असू द्या.

टॉर्च उजवीकडून धरला की आपल्या नाण्यावर नावाचा शेवट दिसतो, त्यात ‘एन’ आहे, आणि पुढे ‘आय व्ही एन’, मग ‘एन ओ बी’. म्हणजे ‘युनिअर, नोबिलिसिमस सीझर’. धाकटा कॉन्स्टँटाइन, थोरल्याचा मुलगा. थोरला असता तर नावापुढे ‘मॅक्स ऑग’, म्हणजे थोर सम्राट, आलं असतं. हा धाकटा ३३७ मध्ये भावांबरोबर सम्राट झाला आणि ३४० मध्ये भावाशीच लढताना मारला गेला. नोंदीत हे लिहायची गरज नाही, पण नाणं परत ठेवताना आठवतं खरं.

मग ओक्रे नावाची ऑनलाइन सूची उघडायची. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची आहे, फुकट. टांकसाळ, राजा, चित्र निवडत गेलं की प्रकाराचा क्रमांक मिळतो. हे शेवटी करायचं. आधी सूची उघडली की तिथला स्वच्छ फोटो बघून आपल्या नाण्यावर नसलेली अक्षरंही दिसायला लागतात. माझ्या बाबतीत हे इतक्यांदा झालंय की आता पेन्सिलीने वाचन लिहून झाल्याशिवाय मी लॅपटॉप उघडत नाही.

कार्ड

आपल्या नाण्याचं कार्ड असं होईल:

> नाणं, तांब्याचा मिश्रधातू. व्यास १७ मिमी, वजन २.४० ग्रॅम, ठसे ६ वाजता.
> पुढे: उजवीकडे पाहणारं मस्तक, पानांची माळ, चिलखत. लेख: [आठ अक्षरं झिजलेली], पुढे नावाचा शेवट ‘इनस’, मग ‘युन नॉब’, शेवटचं अक्षर दिसत नाही.
> मागे: दोन शिपाई, मध्ये दोन निशाणं. लेख: सुरुवातीची चार अक्षरं स्पष्ट, बाकी अंदाजाने. खाली: टी आर पी.
> ओळख: धाकटा कॉन्स्टँटाइन, युवराज असताना. ट्रिअर, ३३०–३३५.
> स्थिती: झिजलेलं, कड एका जागी उडालेली, रोग नाही.

जे दिसलं ते वर, जे ठरवलं ते ‘ओळख’ या ओळीत. झिजलेली अक्षरं चौकोनी कंसात. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाका, त्यात लाज कसली. उद्या दुसऱ्या कुणी चांगल्या उजेडात तो ‘एन’ नव्हताच असं दाखवलं, तर त्याला फक्त एक ओळ खोडावी लागेल.

नाणं कुठल्याच चौकटीत बसत नसेल, अक्षरं उलटी, शिपाई काड्यापेटीच्या काड्यांसारखे, वजन निम्मं, तर ती बहुधा स्थानिक नक्कल. सरकारी पुरवठा आटला की ब्रिटन आणि गॉलमध्ये (आजचा फ्रान्स आणि आसपासचा प्रदेश) लोक स्वतःच सुटे पैसे पाडायचे. ३४० च्या आणि ३५० च्या दशकांत तर धडाकाच होता. त्यांना ‘खोटं’ म्हणून फेकू नका, ‘नक्कल’ लिहा आणि वजन नीट घ्या. मला स्वतःला त्या काड्यांच्या शिपायांचा ट्रे सर्वांत आवडतो.

भारतात हीच नाणी

महाराष्ट्रात रोम म्हटलं की तेर आणि कोल्हापूरची ब्रह्मपुरी ही रोमन व्यापाराच्या खुणा सापडलेली ठिकाणं आठवतात, पण तो व्यापार या नाण्यांच्या बराच आधीचा. चौथ्या-पाचव्या शतकातली रोमन तांब्याची चिल्लर मोठ्या संख्येने सापडते ती तमिळनाडूत, करूर आणि मदुराईच्या परिसरात, आणि समुद्रापलीकडे श्रीलंकेत. ती इतकी वापरलेली असते की लेख जवळजवळ नसतोच. तिथे पायाखालच्या ओळीचा उपयोग कमी, चित्राच्या बाह्यरेषेवरच भिस्त ठेवावी लागते. नोंदी करायला शिकायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन आहे. दोन्हीकडे सगळा वेळ काचेला नाक लावून उभं राहायची तयारी ठेवा.

घरात आजोबांच्या पेटीत असं एखादं नाणं निघालं तर ते शंभर वर्षांहून जुनं असल्यामुळे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. परदेशी राहणाऱ्या भाच्याला भेट म्हणून सामानातून पाठवायचं नाही. आणि जमिनीत सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे: दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कळवण्याआधी जागेचा फोटो काढा, किती खोल होतं आणि सोबत खापरं-कोळसा काय होतं ते कागदावर लिहा, आणि माती लागलेली तशीच राहू द्या.